रेघ तुटते, भरते, भुरकट येते: एकरंगी रेखाचित्र छापायला देण्याआधी

दिवाळी झाली की पूर्व विदर्भात मंडई (गावोगावच्या जत्रा), शंकरपट (बैलजोड्यांची शर्यत) आणि झाडीपट्टी नाटकांचा मोसम लागतो. वडसा, साकोली, ब्रह्मपुरीकडच्या डीटीपीच्या दुकानांत पत्रकांची रांग लागते आणि दर वर्षी तीच तक्रार येते: "भाऊ, स्क्रीनवर तर बराबर दिसत होतं, कागदावर असं काऊन आलं?" चित्र शंकरपटाच्या बैलजोडीचं असो, पत्रिकेवरच्या गणपतीचं असो की शाळेच्या अंकासाठी पोरांनी काढलेलं असो, खापर फुटतं ते ऑफसेटवाल्याच्या डोक्यावर. खोट मात्र बहुतेक वेळा फाइलमध्ये असते, आणि ती शोधायला एक रुपयाही लागत नाही. खालच्या तपासण्या फुकटपासून खर्चिकपर्यंत लावल्या आहेत. क्रम मोडू नका. नवी प्लेट (जिच्यावरून छपाई होते तो पत्रा) काढल्यावर कळतं की फाइलच व्हॉट्सअ‍ॅपवरून आली होती, आणि प्लेटचे पैसे तर गेलेलेच असतात.

आधी लक्षण ओळखा

छापलेला कागद उजेडात धरून भिंगातून पाहा. घड्याळ दुरुस्तीवाल्याचं भिंग असलं तरी चालतं.

- रेघ अखंड नाही, ठिपक्यांची माळ दिसते, कड करवतीसारखी: फाइल राखाडी आहे. तपासणी १, २, ५.
- भरीव काळ्या भागात मोहरीहून बारीक पांढरे ठिपके: काळा पूर्ण १०० टक्के नाही, नाहीतर बटर पेपरवर (लेझरने छापून ज्यावरून प्लेट उठवतात त्या अर्धपारदर्शक कागदावर) टोनर विरळ पडलाय. तपासणी २ आणि ९.
- कडेला जिन्यासारख्या पायऱ्या: पिक्सेल कमी पडलेत. ३ आणि ४.
- रेघेभोवती बुरशीसारखा भुरका: जेपीजी. ३ आणि ६.
- बारीक रेघा गेल्या, जाड राहिल्या: ५, ८, ९.
- जवळजवळच्या रेघा मिसळून काळा गोळा झाला: ५ आणि ८.
- एका कोपऱ्यात काळी सावली: ५ आणि ७.
- रंगीत पत्रिकेत काळ्या रेघेला लाल-निळी किनार: २.
- जुन्या कॅलेंडरवरून घेतलेल्या चित्रावर चौकड्यांची जाळी: ७.

बारीक रेघा गेल्या आणि दाट भागही भरला, अशी दोन्ही लक्षणं एकाच चित्रात दिसली तर मूळ चित्रच कमजोर आहे असं धरून चाला. त्याला एक बटण दाबून होणारा इलाज नाही.

राखाडीची भानगड

छपाईच्या मशीनमध्ये राखाडी शाई नसते. फाइलमध्ये राखाडी आढळला की लेझर प्रिंटर किंवा प्लेट काढणारं सॉफ्टवेअर त्याचे काळे ठिपके पाडतं. लेझरवरून बटर पेपर काढताना ही ठिपक्यांची जाळी इंचाला ८५ ओळींची असेल, तर जाळीचं एक घर ०.३ मि.मी. रुंद होतं. अर्ध्या पॉइंटाची रेघ असते ०.१८ मि.मी. म्हणजे घराहून रेघच बारीक. ती जराशी राखाडी असली की कुठे ठिपका पडतो, कुठे पडत नाही, आणि रेघ तुटते. शहरातल्या सीटीपीवर (संगणकातून थेट प्लेट काढणाऱ्या यंत्रावर) जाळी १५० ओळींची धरली तर घर ०.१७ मि.मी. होतं. तिथेही कड खरबरीतच येते, फक्त डोळ्याला कमी जाणवते. त्यामुळे "हीच फाइल नागपुरात चांगली आली" एवढ्यावरून तालुक्याचा मशीनवाला नालायक ठरत नाही.

रेखाचित्रातला प्रत्येक पिक्सेल काळा तरी हवा, नाहीतर पांढरा. राखाडी पिक्सेलचं काय करायचं हा निवाडा तुम्ही केला नाही तर तो मशीन करतं, आणि मशीनला बैलाच्या डोळ्यातली रेघ आणि कागदावरचा डाग यांतला फरक कळत नाही.

१. आधी १०० टक्क्यांवर पाहा

फोटोशॉपमध्ये ३३.३ किंवा ६६.७ टक्क्यांवर चांगली रेघही तुटक दिसते, कारण स्क्रीनला पिक्सेल गाळावे लागतात. कंट्रोल आणि १ दाबून १०० टक्क्यांवर या. तिथे रेघ धड असेल तर भीती खोटी होती. पीडीएफचं उलटं असतं. अ‍ॅक्रोबॅटमधली 'एन्हान्स थिन लाइन्स' ही सोय बारीक रेघा जाड करून दाखवते, म्हणून तपासताना ती बंद ठेवा.

मग ४०० टक्क्यांवर जाऊन रेघेची कड पाहा. काळ्यानंतर थेट पांढरा पिक्सेल आला तर फाइल एक-बिटसारखी, म्हणजे नुसती काळी-पांढरी आहे. मधे दोन-तीन राखाडी पिक्सेल आले तर ती ग्रेस्केल (राखाडी छटांची) किंवा रंगीत आहे.

२. मोड, आणि काळ्याचं मिश्रण

एकरंगी कामात सगळ्यात जास्त फसगत इथे होते. आरजीबी (स्क्रीनच्या तीन रंगांच्या) फाइलमधला काळा (०, ०, ०) फोटोशॉपच्या नेहमीच्या स्वॉप सेटिंगने सीएमवायकेत (छपाईच्या चार शायांत) नेला की त्याचं ७५-६८-६७-९० होतं. चार रंग एकत्र पडले तर तो काळाच दिसतो. पण पत्रक एकरंगी असलं तर प्लेट निघते फक्त काळ्याची, आणि तिच्यावर १०० टक्के नसतं, ९० टक्के असतं. त्या उरलेल्या १० टक्क्यांची जाळी पडते आणि भरीव काळ्यात पांढरे ठिपके उमटतात. मशीनवाला शाई वाढवतो, ठिपके काही जात नाहीत, उलट बाजूची अक्षरं भरतात.

इन्फो पॅनेल उघडून काळ्या भागावर कर्सर न्या. के (काळा) १०० आणि बाकी तिन्ही शून्य नसेल तर इमेज → मोड → ग्रेस्केल करून पुढे तपासणी ५ प्रमाणे एक-बिट करा. पीडीएफ हाती आली असेल तर अ‍ॅक्रोबॅट प्रोच्या 'आउटपुट प्रिव्ह्यू'मध्ये काळा सोडून बाकी प्लेटा बंद करा. जे फिकट दिसेल ते कागदावरही फिकट येणार. कोरलड्रॉमधल्या मजकुरालाही हे लागू आहे. तिथे आरजीबी पॅलेटमधला काळा वापरायचा नाही.

चाररंगी पत्रिकेत चारही शायांची रेघ एकमेकींवर केसभरही सरकली तर तिला लाल-निळी किनार येते. रेघ फक्त काळ्या प्लेटवर ठेवा आणि खालच्या रंगावर ओव्हरप्रिंट करा. ओव्हरप्रिंट केलं नाही तर रेघेखालचा रंग कोरला जातो आणि तीच सरक आता पांढरी फट होऊन दिसते.

३. फाइल कोणत्या वाटेने आली?

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र नेहमीच्या सेटिंगमध्ये लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलचं होतं. ए४च्या ११.६९ इंचांवर ते पसरलं की इंचाला १३७ पिक्सेल उरतात. शिवाय जेपीजी चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे तुकडे पाडून दाबतं. तीव्र काळ्या-पांढऱ्या कडेला हे दाबणं सर्वात वाईट जमतं, म्हणून रेघेभोवती भुरका येतो. ग्राहकाला तेच चित्र 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. एका फोनने हे काम होतं आणि अर्धा दिवस वाचतो.

४. पिक्सेल मोजा

डीपीआयच्या (इंचाला किती ठिपके, या) आकड्यावर जाऊ नका. छापायच्या मापावर किती पिक्सेल उरतात ते बघा. ३०० डीपीआयचं चित्र कोरलमध्ये दुप्पट ताणलं तर ते १५०चं झालं, आणि निवडलं की खालच्या पट्टीत तो आकडा दिसतो.

लेझरवरून बटर पेपर काढायचा असेल तर छापायच्या मापाला ६०० पुरेत, कारण बहुतेक लेझर तेवढंच काढतात. सीटीपी प्लेटसाठी १२०० द्या. ए४ला ६००वर ४९६० बाय ७०१६ पिक्सेल लागतात, १२००वर त्याच्या दुप्पट. लोक १२०० ऐकून घाबरतात, पण एक-बिट ए४ फाइल १२००वर न दाबताही १७-१८ एमबीच भरते. तीच ग्रेस्केलमध्ये १४० एमबीच्या आसपास आणि आरजीबीत ४०० एमबीच्या वर जाते. फ्लेक्सचं गणित वेगळं आहे, त्याला यातलं काही लागत नाही.

'इमेज साइज'मध्ये ७२ खोडून ६०० लिहिलं म्हणून तपशील उगवत नाही. एक सोय मात्र खरी आहे: ग्रेस्केल असतानाच चित्र बायक्युबिकने मोठं करून मग थ्रेशोल्ड (ठरवलेल्या आकड्याहून गडद ते काळं, बाकी पांढरं) केलं तर कड गुळगुळीत निघते. कडेच्या राखाडी पिक्सेलमध्ये रेघ नेमकी कुठे संपते याची खूण दडलेली असते, ती यात वापरली जाते. आधी थ्रेशोल्ड आणि मग मोठं केलं तर त्या पायऱ्याच मोठ्या होतात. तीनशेवर स्कॅन केलेलं बरं चित्र असं बाराशेपर्यंत नेता येतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेलं नेता येत नाही.

५. थ्रेशोल्ड, पण आधीची तयारी करून

अर्ध्याहून जास्त तक्रारी इथे मिटतात. थेट थ्रेशोल्डवर उडी मारू नका.

पहिलं काम, योग्य चॅनल (चित्राचा लाल, हिरवा किंवा निळा थर) निवडणं. स्कॅन रंगीत हवा. शाळेच्या अंकासाठी पोरं वहीच्या रेघाळ पानावर चित्र काढून देतात. पानावर निळ्या आडव्या रेघा, लाल समास आणि काळ्या पेनाचं चित्र असतं. चॅनल पॅनेलमध्ये निळा चॅनल उघडला की निळ्या रेघा जवळजवळ नाहीशा होतात, लाल चॅनलमध्ये समास जातो. चित्रच निळ्या बॉलपेनाचं असेल तर लाल चॅनल घ्या, त्यात निळी शाई गडद होते. पिवळा पडलेला कागद आणि चहाचे डागही लाल चॅनलमध्येच फिके पडतात, निळ्यात ते काळेकुट्ट दिसतील. हवा तो चॅनल उघडा ठेवून मोड ग्रेस्केल केला की तोच उरतो. याने तासाभराची खोडाखोड वाचते, तरी बहुतेक जण सगळं खोडरबराने पुसत बसतात.

दुसरं काम लेव्हल्स. हिस्टोग्रामला उजवीकडे मोठा उंचवटा दिसतो, तो कागद. पांढरा स्लायडर त्याच्या डाव्या पायथ्याशी आणा. काळा स्लायडर डावीकडच्या छोट्या उंचवट्यापर्यंत न्या. मधला हलवू नका.

चित्र मोठं करायचं असेल तर आत्ता करा, आणि मगच इमेज → अ‍ॅडजस्टमेंट्स → थ्रेशोल्ड. सुरुवातीचा आकडा १२८ असतो. आकडा वाढवला की जास्त पिक्सेल काळे होतात आणि रेघ जाड होते, कमी केला की बारीक होते. काळ्या शाईच्या चित्राला १२०-१४० चालतो. फिकट पेनाला १७०-१९०पर्यंत जावं लागतं. आकडा ठरवताना पूर्ण चित्राकडे पाहू नका. चित्रातली सर्वात बारीक रेघ (मिशी, पापणी) आणि सर्वात दाट जागा (केस, धोतराच्या निऱ्या) हेरा, १०० टक्क्यांवर त्या दोन जागा पाहत स्लायडर हलवा. एक सांभाळली की दुसरी बिघडत असेल तर एका आकड्याचा हट्ट सोडा. लॅसोने दाट भाग निवडून त्याला वेगळा आकडा द्या, बाकी चित्राला वेगळा.

फोनने काढलेल्या फोटोत एक बाजू उजळ आणि दुसरी काळवंडलेली असते, तिथे कोणताच आकडा बसत नाही. अशा वेळी लेयरची नक्कल करा, वरच्या नकलेला १०० पिक्सेलच्या आसपास गॉसियन ब्लर द्या आणि ब्लेंडिंग मोड 'डिव्हाइड' ठेवा. सावली सपाट होऊन कागद सगळीकडे सारखा पांढरा होतो. गिंपमध्येही हेच करता येतं. चित्रात मोठे भरीव काळे भाग असतील तर ते मधून पोकळ होतात, ते नंतर हाताने भरा.

पेन्सिलच्या छटांचं चित्र मात्र या घाण्यात घालू नका. छटा म्हणजेच राखाडी. त्याला ग्रेस्केलमध्ये ३००वर ठेवा आणि ठिपके पडतील हे ग्राहकाला आधीच सांगा.

थ्रेशोल्डनंतर कचरा दिसतो. पुसायला ब्रश नको, पेन्सिल टूल घ्या. ब्रश कितीही कडक केला तरी कडेला राखाडी सोडतो. नजरेतून सुटणारे ठिपके पकडायला एक युक्ती आहे: काळा भाग कलर रेंजने निवडून वेगळ्या लेयरवर घ्या आणि त्याला लाल रंगाचा ८ पिक्सेलचा स्ट्रोक द्या. प्रत्येक कण गोवराच्या पुळीसारखा उठून दिसतो. 'डस्ट अँड स्क्रॅचेस' किंवा मीडियन फिल्टर वापरणार असाल तर चित्रात अक्षरं नाहीत ना ते आधी बघा. देवनागरीत कचऱ्याचा ठिपका आणि अनुस्वार फिल्टरला सारखेच. मंडईची 'मडई' होते आणि नांदीची 'नादी', आणि ती चूक हजार प्रती वाटल्यावर सापडते. खरं तर अक्षरं चित्रात ठेवूच नयेत. ती कोरलमध्ये वेगळी टाका, के १०० करा आणि प्रेसला देण्याआधी कर्व्ह्जमध्ये बदला. तिथे तुमचा फॉन्ट असेलच असं नाही.

शेवटी इमेज → मोड → बिटमॅप. रेझोल्यूशन तेच ठेवा आणि पद्धतीत '५० पर्सेंट थ्रेशोल्ड' निवडा. तिथे 'डिफ्यूजन डिदर' किंवा 'हाफटोन स्क्रीन' चुकून राहिलं तर साफ केलेल्या चित्रात उरलासुरला राखाडी पुन्हा ठिपके होऊन बसतो. कोरलमध्ये बिटमॅप्स → मोड → ब्लॅक अँड व्हाइटमध्ये 'लाइन आर्ट' निवडायचं. गिंपमध्ये मोड → इंडेक्स्ड, काळ्या-पांढऱ्याचा पॅलेट, डिदरिंग 'नन'.

६. सेव्ह करताना केलेलं वाया जातं

एक-बिट चित्र जेपीजीत राहूच शकत नाही. जेपीजी म्हणून सेव्ह केलं की राखाडी परत आला. टिफ घ्या, दाबायचं असेल तर एलझेडडब्ल्यू किंवा, जिथे सोय असेल तिथे, सीसीआयटीटी ग्रुप ४ निवडा. त्यात एकही पिक्सेल बदलत नाही. फाइल बंद करून पुन्हा उघडा आणि ४०० टक्क्यांवर कड बघा. दहा सेकंदांचं काम आहे.

पीडीएफ करताना आणखी एक खड्डा आहे. अ‍ॅडोबीच्या 'प्रेस क्वालिटी'त ४५०च्या वरचं ग्रेस्केल चित्र ३००वर आणलं जातं आणि वर जेपीजीने दाबलं जातं. एक-बिट चित्राला १८००पर्यंत हात लागत नाही. म्हणजे तुम्ही ६००चं ग्रेस्केल रेखाचित्र ठेवलं असेल तर पीडीएफमध्ये ते गुपचूप अर्धं होतं. कोरलच्या पीडीएफ सेटिंगमध्येही बिटमॅपचं कॉम्प्रेशन आणि डाउनसॅम्पलिंग उघडून बघा.

७. मूळ चित्राकडे परत जा

इथपर्यंत रुपया लागला नव्हता. आता निदान एक फेरी लागते.

स्कॅन ६००वर, रंगीत करा. स्कॅनरचा 'टेक्स्ट' किंवा 'ब्लॅक अँड व्हाइट' मोड नको, तो थ्रेशोल्डचा निवाडा स्वतःच करून टाकतो आणि मागे फिरता येत नाही. खोक्यावर ९६०० लिहिलं असलं तरी 'ऑप्टिकल' आकडा तेवढाच खरा, त्यापुढचं सगळं सॉफ्टवेअरने फुगवलेलं. पातळ कागदाच्या मागची छपाई आरपार दिसत असेल तर पाठीशी काळा कागद ठेवा. ए४हून मोठं चित्र तुकड्यांत स्कॅन करा, दोन-तीन सेंटिमीटर एकमेकांवर येऊ द्या आणि जोडणी थ्रेशोल्डच्या आधी करा.

फीडरमधून घेतलेल्या प्रत्येक पानावर एकाच जागी उभी रेघ येते तेव्हा मोठी काच पुसून काही होत नाही. फीडरची वेगळी अरुंद काचेची पट्टी असते, तिच्यावर चिकटलेला कण शोधा. उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात ओलसर कागदाचे तंतू, दोन्ही तिथेच बसतात.

स्कॅनर नसेल तर फोन चालेल. ओसरीत, उन्हात नव्हे आणि फ्लॅशशिवाय, फोन कागदाला समांतर धरून फोटो काढा. बारा मेगापिक्सेलचा फोटो ४००० पिक्सेल लांब असतो. कागदाने चौकट पूर्ण भरली तर ए४ला इंचाला ३४० पिक्सेलच्या आसपास मिळतात, म्हणजे तपासणी ४ मधल्या पद्धतीने काम निभावतं. स्कॅनिंग अ‍ॅपचा काळा-पांढरा फिल्टर मात्र लावू नका.

छापील कॅलेंडर किंवा जुन्या पत्रिकेवरचं चित्र आधीच ठिपक्यांचं असतं. त्यावर दुसरी जाळी चढली की चौकड्या उमटतात. स्कॅनरचं 'डीस्क्रीन' थोडं सावरतं, पण बारीक तपशीलही खातं. असं चित्र ट्रेसिंग कागदावर पेनाने गिरवून स्कॅन केलं तर वेळही कमी लागतो आणि रेघही चांगली येते.

८. रेघेची जाडी आणि कागद

०.३ मि.मी.च्या पेनाने ए३वर काढलेलं चित्र ए५ पत्रकावर निम्मं होतं, आणि रेघ ०.१५ उरते. ०.१च्या पेनाची ०.०५ होते, ती गेलीच म्हणून समजा. मॅपलिथोवर (छपाईच्या साध्या, बिनचकाकीच्या कागदावर) काळी रेघ पाव पॉइंट (०.०९ मि.मी.) ही तळरेषा धरा. काळ्यावर पांढरी रेघ असेल तर किमान अर्धा पॉइंट, कारण शाई दोन्ही बाजूंनी आत सरकते. न्यूजप्रिंट शाई पितो, तिथे दोन रेघांमधली पोकळी ०.३ मि.मी.पेक्षा कमी ठेवू नये. कापडी पिशवीवर स्क्रीन प्रिंटिंग असेल तर एक पॉइंटाखाली जाऊच नका. कोरलचं 'हेअरलाइन' कधीच वापरू नका. ती फारच बारीक रेघ असते. लेझरवर दिसते आणि सीटीपीवर हरवते.

सगळ्या रेघा थोड्या जाड करायच्या तर फिल्टर → अदर → मिनिमम, रेडियस १. नाव उलटं वाटतं, पण मिनिमम काळा वाढवतो आणि मॅक्सिमम घटवतो. ६००वर एक पिक्सेल ०.०४ मि.मी.चा, तो दोन्ही कडांना वाढतो, म्हणजे रेघ ०.०८ने जाड होते. बिटमॅप मोडमध्ये फिल्टर चालत नाहीत, म्हणून हे ग्रेस्केलमध्येच उरकून घ्या. दाट भागात पोकळी किती उरते ते पाहून मगच सेव्ह करा.

कोरलच्या पॉवरट्रेसने व्हेक्टर (पिक्सेलऐवजी रेषांचं चित्र) करणं बोधचिन्हाला आणि मोठ्या आकारांना ठीक. हाताच्या रेघेची लय त्यात जाते, बैलाचे डोळे बटणासारखे होतात. खराब चित्राचं ट्रेस केलं तर खराब व्हेक्टर मिळतं, आणि मग नोड ओढत रात्र जाते.

९. बटर पेपर आणि प्लेट

फाइल निर्दोष असूनही खोट राहिली तरच इथे या, कारण इथून पुढे साहित्य खर्ची पडतं.

लेझरचं 'टोनर सेव्ह' बंद करा, घनता वाढवा आणि बटर पेपर खिडकीला लावून आरपार पाहा. भरीव भागात उजेडाचे टाचणीएवढे ठिपके दिसले तर पॉझिटिव्ह प्लेटवर तिथला लेप धुतला जाणार आणि कागदावर पांढरे ठिपके येणार. नुसत्या भरीव भागांसाठी दोन बटर पेपर एकावर एक चिकटवता येतात. बारीक रेघांना ही युक्ती नको, जुळणी सरकते.

टोनरची बाजू प्लेटला टेकली पाहिजे. ती वर राहिली तर कागदाच्या जाडीतून प्रकाश तिरपा आत शिरतो आणि रेघ दोन्ही बाजूंनी कुरतडतो. त्यासाठी ऑफसेट प्लेटकरिता बटर पेपर आरशासारखा उलटा छापतात. स्क्रीन प्रिंटिंगला सुलट लागतो. दोन्ही कामं करणाऱ्या दुकानात ही अदलाबदल हमखास होते.

लेझरच्या उष्णतेने बटर पेपर आकसतो. दोन रंगांचं काम असेल तर एकाच पाकिटातले कागद घ्या, आधी एकदा कोरेच मशीनमधून काढा आणि मग लगेच एकामागून एक छापा.

फाइल तीच, बटर पेपर तोच, तरी काल प्लेट चांगली आली आणि आज बारीक रेघा खाल्ल्या गेल्या, असं झालं तर एक्स्पोजरच्या दिव्यांचं व्होल्टेज बघा. शेतीपंपाच्या वेळेत व्होल्टेज पडतं. तेवढेच सेकंद दिले तर प्रकाश कमी पडतो आणि प्लेट मळकट राहते. मग कोणीतरी वेळ वाढवून ठेवतो, आणि व्होल्टेज पूर्ण आलं की तीच वाढीव वेळ रेघा खाते. वेळ बदलण्याआधी व्होल्टेज मोजा आणि कोपऱ्यात पाव, अर्धा आणि एक पॉइंटाच्या रेघांची पट्टी छापत जा. पाव पॉइंट गेली आणि अर्धा राहिली, एवढ्यावरून नेमकं कळतं.

कुठे थांबायचं

मूळ चित्र झेरॉक्सचं झेरॉक्स असेल आणि दोन तासांत सावरलं नाही, तर सॉफ्टवेअर बंद करा. जवळच्या शाळेच्या चित्रकला शिक्षकांकडून ते काळ्या पेनाने नव्याने काढून घ्या आणि मोबदला आधी ठरवा.

बटर पेपरवर ठराविक अंतराने तोच डाग परत येत असेल तर अंतर पट्टीने मोजा. लहान लेझरमध्ये ७५ किंवा ९५ मि.मी.च्या आसपास आलं तर बहुधा ड्रम गेला आहे. कार्ट्रिज बदलून पाहा. तरी राहिला तर प्रिंटर मेकॅनिककडे. आतला फ्यूजर भाजतो आणि लेझरचा डबा उघडायचा नसतो.

वेगवेगळ्या कामांत, वेगवेगळ्या प्लेटांवर, कागदाच्या एकाच जागी फिकेपणा येत असेल तर ब्लँकेट (प्लेटवरची शाई कागदावर उतरवणारी रबरी चादर) किंवा रोलर दाबला गेला आहे. फाइलमध्ये आता काही करू नका. ऑफसेटचा मेकॅनिक बोलवा, दाबाचे स्क्रू स्वतः फिरवू नका. एकदा सेटिंग हललं की पुढची सगळी कामं बिघडतात.

चाररंगी पत्रिकेत ओव्हरप्रिंट करूनही फटी राहत असतील तर ट्रॅपिंग (शेजारचे रंग एकमेकांवर किंचित चढवणं) लागेल. ते सीटीपीच्या ऑपरेटरकडून करून घ्या. जाताना खुली फाइल, पीडीएफ आणि बिघडलेला छापील कागद, तिन्ही सोबत न्या. नुसत्या फोनमधल्या फोटोवरून त्यालाही काही सांगता येत नाही.